डोंगरात लपवलेला डबा, हातात अक्षांश-रेखांश : ‘जिओकॅशिंग’ म्हणजे काय, अन् सातमाळ्यात ते जमेल का?

गुडीहत्नूर (जि. आदिलाबाद) : नागपूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक ४४ वरून जाणाऱ्या बहुतेकांसाठी गुडीहत्नूर म्हणजे उटनूरकडे वळायचा फाटा. चहा घ्यायचा, गाडीत बसायचं अन् पुढे निघायचं. पण फाट्यावरून थोडी मान वर केली की सातमाळ्याच्या डोंगररांगा दिसतात. निजामकाळातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या रांगेला ‘सह्याद्रिपर्वत किंवा सातमाळा’ म्हटलं आहे. जिल्ह्याच्या वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे १७५ मैल जाणारी ही रांग. किनवट-माहूरकडच्या वाचकाला हा डोंगर परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते.

अशा डोंगरधारेवर मोबाईल घेऊन लपवलेला डबा शोधायचा खेळ आज जगभर चालतो. त्याचं नाव जिओकॅशिंग. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘कॅश’ म्हणजे लपवून ठेवलेला साठा. इथे पैशांचा काही संबंध नाही. रीलमध्ये पाहून ‘आपल्याकडे पण करू’ असं म्हणणारी पोरं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. म्हणून हा खेळ नेमका काय, आकडे कसे वाचायचे, आणि आपल्या जंगलात तो करताना कुठे थांबायचं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

खेळ सुरू झाला तो एका रात्रीत

उपग्रहावरून ठिकाण सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला तिचा सिग्नल मिळायचा, पण मुद्दाम बिघडवलेला. चूक १०० मीटरपर्यंत जायची. १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ही मुद्दाम केलेली गडबड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मध्यरात्रीपासून ती बंद झाली. चूक एकदम १०-२० मीटरवर आली.

दोनच दिवसांनी, ३ मे २००० ला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ रानात एक बादली अर्धवट पुरली. आत पुस्तक, सॉफ्टवेअर, गलोल, शेंगांचा डबा असलं सटरफटर सामान आणि एक वही-पेन्सिल ठेवली. मग जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि सांगितलं : काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. काही दिवसांतच माईक टीग याने ती शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला गेला आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिशने त्याची वेबसाईट सुरू केली. आज १९० हून जास्त देशांत मिळून ३० लाखांहून जास्त डबे नोंदलेले आहेत. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात ते फारच कमी.

गंमत अशी की पहिल्या बादलीतल्या दोन गोष्टी आजच्या नियमात बसत नाहीत. जमीन खणून डबा पुरायचा नाही, आणि आत खायचं काही ठेवायचं नाही. खाऊच्या वासाने जनावर येतं, डबा फोडतं, अन् प्लास्टिक पोटात जातं. आपल्याकडे माकडं आणि अस्वलं दोन्ही आहेत, त्यामुळे हा नियम इथे दुप्पट महत्त्वाचा.

डबा, वही आणि हिशेब

डबा म्हणजे झाकण घट्ट बसणारं, पाणी न शिरणारं काहीही. बोटाएवढ्या नळीपासून बादलीपर्यंत. आत एक वही असतेच. सापडलं की तारीख आणि आपलं टोपणनाव लिहायचं, डबा होता तिथे तसाच ठेवायचा, आणि घरी येऊन अ‍ॅपवर नोंद करायची. आतली वस्तू घेतली तर तितक्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. दुकानदारीची वही असते तसंच हे. एका बाजूला उचल, दुसऱ्या बाजूला जमा; ताळेबंद जुळला पाहिजे.

प्रत्येक डब्याला दोन गुण असतात, दोन्ही १ ते ५ मध्ये. पहिला शोधायला किती अवघड, दुसरा तिथवर पोचायला वाट किती अवघड. रस्त्याकडेच्या पुलाखालचा डबा वाटेच्या बाबतीत १ किंवा दीड. डोंगरधारेवर झुडपातून तीन तास चालून जायचा असेल तर ४. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो मैलाचा दहावा भाग आहे. अन् सगळ्यात मोठा नियम : ज्याची जमीन, त्याची परवानगी. ती नसेल तर डबा नोंदवला जाऊ नये.

आकडा वाचता आला तर अर्धा खेळ जिंकला

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, रेखांश म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रिनिचपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती. गुडीहत्नूर सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर आणि साडेअठ्ठ्याहत्तर अंश पूर्व इथे आहे. म्हणजे १९ ते २० अक्षांश आणि ७८ ते ७९ रेखांश असा चौकोन काढला तर गाव जवळजवळ मधोमध येतं. या चौकोनाचा वरचा डावा कोपरा यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या बाजूला, वरचा उजवा वणीच्या बाजूला, खालचा डावा मुधोळ-भैंसाच्या बाजूला आणि खालचा उजवा जन्नारमच्या बाजूला पडतो. एकाच चौकोनात दोन राज्यं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात या चौकोनाला ‘५६ आय’ म्हणतात. त्याचे १६ तुकडे होतात आणि गाव मधोमध असल्यामुळे आसपास फिरायला ६, ७, १० आणि ११ हे चार तक्ते हाताशी लागतात.

एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, सुमारे १.८५ किलोमीटर. आपल्या भागात रेखांशाचं एक मिनिट थोडं कमी, सुमारे १.७५ किलोमीटर भरतं, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. जिओकॅशिंगमध्ये मिनिटाचे तीन दशांश देतात. शेवटचा आकडा एकने बदलला तर जागा जेमतेम दोन मीटर सरकते.

सगळ्यात जास्त चूक होते ती लिहिण्याच्या पद्धतीत. समजा डब्याचं अक्षांश १९ अंश ३१ मिनिटं आहे. घाईत कोणी ते १९.३१ असं टाकलं तर घोटाळा झाला. ३१ मिनिटं म्हणजे ३१ भागिले ६०, म्हणून दशांशात ते १९.५१७ होतं. १९.३१ टाकलं की मोबाईल दक्षिणेला सुमारे २३ किलोमीटरवर, इच्चोड्याच्याही पुढे नेऊन सोडतो. रुपये-आणे-पैशांच्या जमान्यात चार आणे म्हणजे .०४ रुपये कोणी लिहीत नसे, .२५ लिहीत. हे तसंच आहे.

दुसरा गैरसमज : ‘नेटवर्क नाही, म्हणजे जीपीएस नाही.’ असं नसतं. मोबाईल उपग्रहाचा सिग्नल फक्त ऐकतो. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि त्यातले किमान चार ‘दिसले’ की जागा कळते. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घरीच नकाशा उतरवून ठेवायचा. मग डोंगरात फोन विमान मोडवर टाकला तरी ठिकाण दिसतं, अन् बॅटरीही टिकते.

दोनशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावर

डोंगरमाथ्यावर खूण ठेवायची, तिचे आकडे लिहून ठेवायचे आणि दुसऱ्याने येऊन ती शोधायची, हे काम आपल्या भागात नवं नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून विल्यम लॅम्बटनने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. कन्याकुमारीकडून उत्तरेला ७८ व्या रेखांशाच्या आसपास जाणारी तिची मुख्य साखळी बिदर, निजामाचा मुलूख आणि वऱ्हाड-नागपूरच्या बाजूने वर गेली. माथ्यावरून माथा दिसावा म्हणून झाडं तोडली जात. स्थानकावर दगडात वर्तुळ आणि मधे बिंदू कोरून खूण करत, जेणेकरून पुढच्या माणसाला ती नेमकी सापडावी.

लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. गुडीहत्नूरहून महामार्ग ४४ धरून पैनगंगा ओलांडली, पांढरकवडा मागे टाकलं की पुढे हिंगणघाट लागतं. नागपूरचा ‘झिरो माईल’ याच मोजणी खात्याच्या कामाशी जोडलेला. जगात अशा जुन्या मोजणीच्या खुणा शोधणं हाही जिओकॅशिंगचा एक भाऊबंद छंद आहे. त्यात डबा लपवायचा नसतो. खूण शोधायची, फोटो काढायचा, हात न लावता परत यायचं.

डोंगरधारेवर चालताना

मोबाईलवरचा बाण सरळ रेषेत अंतर दाखवतो. ‘डबा ४०० मीटर’ दिसलं म्हणून नाक समोर ठेवून निघालं की मधे घळ येते. त्यामुळे आधी नकाशावर सोंड कुठून चढते, खिंड कुठे, नाला कुठे हे पाहायचं, आणि शक्यतो धारेवरून जायचं.

चढताना सहसा कोणी चुकत नाही, कारण सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात. उतरताना उलटं होतं. प्रत्येक सोंडेला फाटे फुटतात, पहिल्या फाट्याला चूक झाली की माणूस भलत्याच खोऱ्यात उतरतो. म्हणून गाडी लावली ती जागा निघतानाच फोनमध्ये खूण करून ठेवायची, चाललेली वाट नोंदवत राहायची, आणि दर फाट्यावर मागे वळून एकदा बघायचं. परतीला डोंगर कसा दिसेल ते तेव्हाच कळतं.

दाट सागवानात किंवा कड्याच्या पायथ्याशी सिग्नल पानांत अडतो, दगडावर आपटून येतो. बाण नाचायला लागतो. अशा वेळी फोन घेऊन गोल गोल पळायचं नाही. दोन-तीन मिनिटं एका जागी थांबायचं, आकडा स्थिरावू द्यायचा आणि मग आसपास दहा पावलांत नजरेनं शोधायचं. माणसाने मांडलेले दगड, पोकळ ओंडका, खोडाच्या बुंध्यातली ढोली अशा जागा पाहायच्या.

नजरेनं शोधायचं, हाताने नाही. कपारीत हात घालणं ही या खेळातली सगळ्यात धोक्याची सवय. दगडाखाली फुरसं असू शकतं, विंचू तर हमखास. आधी काठीने चाचपायचं, उजेड टाकायचा, मगच हात. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. हालचाल कमीत कमी ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. इथून मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे आदिलाबादचं रिम्स.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाले (तेलुगूत वागू) बघता बघता भरतात. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात, सिग्नल चांगला मिळतो, पण पाणी नसतं आणि वणव्याची भीती असते.

वाघाला राज्याची हद्द माहीत नाही

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य आणि पैनगंगेच्या दोन्ही काठची जंगलं यांतून वाघ ये-जा करतात. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किनवटच्या बाजूने निघालेला ‘जॉनी’ नावाचा नर वाघ जोडीदाराच्या शोधात आदिलाबाद आणि निर्मल जिल्ह्यांतली जंगलं ओलांडत सुमारे ३०० किलोमीटर फिरला. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात एकाच महिन्यात वाघाच्या हल्ल्यात दोन तरुण जीव गेले.

म्हणून एकट्याने जायचं नाही, पहाटे आणि सांजवेळी रानात राहायचं नाही, आणि वनखात्याने वाघाच्या वावराची सूचना दिली असेल तर त्या दिवशी बेत रद्द. डबा पुढच्या महिन्यातही तिथेच असतो.

परवानगी कुणाची?

कवाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अभयारण्यात विनापरवाना शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलही मोकळं रान नाही. तेलंगणात १९६७ चा वन कायदा, पलीकडे महाराष्ट्रात १९२७ चा भारतीय वन कायदा. हद्द ओलांडली की कायद्याचं नाव बदलतं, पण आधी विचारायची गरज बदलत नाही. शंका असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं. तोंडी होकारापेक्षा लेखी बरा.

दुसरी परवानगी कागदावरची नाही, पण तितकीच खरी. हे डोंगर गोंड, कोलाम लोकांच्या देवांचे आहेत. गुडीहत्नूरहून उटनूर रस्त्याने गेलं की इंद्रवेल्ली मंडलातलं केसलापूर लागतं. पुष्य अमावस्येला इथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे लोक जत्रेआधी जन्नारम मंडलातल्या हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी पायी आणतात. मुक्काम ठरलेले, झाडं ठरलेली, वाट ठरलेली. त्यांच्या हातात अक्षांश-रेखांश नसतात. वाट पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे. अशा वाटेवरच्या झाडाच्या ढोलीत कोणी बाहेरच्याने प्लास्टिकचा डबा कोंबला तर तो खेळ राहत नाही, अपमान होतो. रचलेले दगड, लाल-पांढरं निशाण, झाडाला बांधलेलं कापड दिसलं की तिथून दूर व्हावं. गावात शिरताना आधी गावपटेलाला भेटावं, कशासाठी आलो ते सरळ सांगावं.

तिसरी गोष्ट पोलिसांची. बेवारस डबा, त्यात तार-बॅटरीसारखं काही दिसलं, की लोकांना घाम फुटणारच. म्हणून डबा पारदर्शक असावा, त्यावर मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहावं, आणि जवळच्या ठाण्यात कल्पना द्यावी. पूल, रेल्वे, वीज उपकेंद्र, शाळा, देऊळ-मशीद यांच्याजवळ ठेवूच नये.

साधं जीपीएस यंत्र किंवा मोबाईल वापरायला अडचण नाही. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय चालत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर असं यंत्र बाळगल्याबद्दल परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली होती. परदेशातले नातेवाईक सुट्टीत येताना असं काही भेट आणत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवावं.

डबा न ठेवताही खेळ होतो

परवानगीचा घोळ नको असेल तर ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे. २००४ पासून चालतो. यात डबा नसतो. ठरलेल्या जागी जायचं, तिथला खडक किंवा भूरूप पाहायचं आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. सातमाळ्याचा काळा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या किल्ल्यांखाली आहे तोच. खाली आदिलाबादच्या बाजूला चुनखडी, जिच्यावर सिमेंट बनतं. दहावीच्या मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगली सहल कोणती?

शाळांना अजून सोपा मार्ग आहे. मैदान, ग्रामपंचायतीची मोकळी जागा किंवा स्वतःचं शेत इथे पाच-सहा डबे ठेवायचे आणि मुलांच्या हाती फक्त आकडे द्यायचे. मिनिटाचं दशांशात रूपांतर एकदा डबा चुकल्यावर मूल जे शिकतं ते फळ्यावर शिकत नाही.

आकड्याचा खरा उपयोग

खेळ बाजूला ठेवला तरी अक्षांश-रेखांश सांगता येणं सीमेवरच्या माणसाला जीवनावश्यक आहे. तांड्याला, गुड्याला धड पत्ता नसतो. एकाच नावाची दोन गावं दोन राज्यांत असतात. फोन कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. रात्री १०८ ला फोन करून ‘मोठ्या चिंचेजवळ, नाल्याच्या अलीकडे’ असं सांगितलं तर दूर बसलेल्या माणसाला काय कळणार? तेच ‘१९ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७८ अंश ३० मिनिटं पूर्व, जिल्हा आदिलाबाद, तेलंगण’ असं सांगितलं तर शोधायचा टापू दोन किलोमीटरच्या आत येतो. दशांश सांगितले तर थेट अंगणात. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हाच आकडा दहा अक्षरांत बसवतो. देशातल्या सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक तुकड्याला त्यात स्वतःचा नंबर आहे.

तेव्हा डोंगरात जायचं राहिलं तरी चालेल, एक काम आजच करता येईल. मोबाईलवर आपल्या घराचा आकडा काढायचा, मिनिटांत की दशांशात ते नीट तपासायचं, आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही तो फोनवर वाचून दाखवता आला पाहिजे.

निघण्याआधी एवढं बघा

- आकडे मिनिटांत की दशांशात? दोनदा तपासा.
- नकाशा आदल्या दिवशी उतरवा; फोन पूर्ण चार्ज, सोबत पॉवर बँक.
- वनखाते आणि गावपटेल, दोघांना विचारलं का?
- किमान तिघे जण. कुठे जातोय आणि कधी परतणार ते घरी सांगून.
- काठी, विजेरी, बूट, माणशी तीन लिटर पाणी.
- कपारीत हात नको. देवाच्या जागी पाऊल नको.
- दुपारी तीनच्या आत परत फिरायचं, डबा सापडो न सापडो.